‘द मार्व्हल्स’ : एका पडलेल्या चित्रपटाविषयी

एखादी कलाकृती आवडली हे सांगण्यापूर्वी आपण आजूबाजूला कोण बसले आहे ते का पाहतो, या प्रश्नाने मला हा लेख लिहावयास भाग पाडले आहे. निमित्त तसे किरकोळ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या सुट्टीत माझी नववीतली भाची माझ्याकडे राहावयास आली होती. तिच्या हट्टामुळे आम्ही दोघी जिल्ह्याच्या गावी जाऊन ‘द मार्व्हल्स’ हा अमेरिकन चित्रपट हिंदीतून पाहिला. मार्व्हल स्टुडिओज ही कंपनी २००८ पासून अतिमानवी शक्ती असलेल्या नायक-नायिकांचे चित्रपट एकामागून एक काढीत आली आहे. त्या मालिकेतला हा तेहेतिसावा, आणि २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’चा पुढचा भाग.

चित्रपट वाईट आहे हे मला तो पाहण्यापूर्वीच ठाऊक होते. एस.टी.त बसल्या बसल्या मी मोबाइलवर तीन-चार परीक्षणे वाचून काढली होती. कथा विस्कळीत, खलनायिका पातळ, गाण्याचा प्रसंग हास्यास्पद, आणि आधीच्या दोन दूरचित्रवाणी मालिका पाहिलेल्या नसतील तर अर्धे डोक्यावरून जाणार. भाचीला मी तेवढ्यात दोनदा बजावले की फार अपेक्षा ठेवू नकोस. तिने विचारले, “मावशी, तू पाहिलास का?” मी म्हणाले, नाही, पण वाचले आहे. ती गप्प बसली. नववीतल्या मुलीच्या गप्प बसण्यातही पुष्कळ काही असते.

त्यानंतरचे पावणेदोन तास मी मनापासून रमले. हसले, आणि एकदा डोळेही भरून आले. सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा मात्र मी म्हणाले, “भाचीसाठी जावे लागले.” हे खोटे होते. जावे लागले हे खरे. पण मी ज्या सुरात ते बोलले त्या सुरात सगळे खोटे होते.

हे खोटेपण कोठून येते ते मला माहीत आहे. माझ्या घरात पुस्तक आले ते माझ्याबरोबर. आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात राबलेले. एम.ए.ला असताना काय उत्तम आणि काय सवंग याची एक तयार यादी आम्हांला मिळाली, आणि आम्ही ती पाठ केली, कारण पाठ करणे हेच आमचे भांडवल होते. त्या यादीत आईच्या ओव्या नाहीत, वस्तीतल्या भीमजयंतीची गाणी नाहीत, हे पुढे उमगले. त्याविरुद्ध आपण सर्वांनीच लिहिले, भांडलो, आणि दलित साहित्याने ती यादी मोडूनही दाखविली. पण यादी मागण्याची सवय? ती अजून अंगात आहे. आता यादी इंग्रजीतून येते आणि तिच्यासोबत टक्केवारी येते, इतकाच फरक. २०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ आला तेव्हा मी वर्गात त्यावर तास घेतला होता. तो चित्रपट मला आवडला होता हे खरेच. परंतु त्याला जगभर प्रतिष्ठा मिळाली नसती तर मी तो तास घेतला असता काय? उत्तर मला सोयीचे नाही.

आता चित्रपटाकडे वळते. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. कॅरल डॅन्व्हर्स ही एकेकाळची अमेरिकन हवाई दलातली वैमानिक. क्री नावाच्या परग्रहावरच्या जमातीने तिची स्मृती पुसून तिला आपल्या सैन्यात राबविले. पहिल्या चित्रपटात तिला सत्य कळते, ती स्वतःला मुक्त करते आणि कॅप्टन मार्व्हल होते. (तो चित्रपट मला बेताचाच वाटला. अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी सहकार्य केले होते, आणि ते पडद्यावर दिसते.) हाला या क्रींच्या ग्रहावर एका महायंत्राची सत्ता आहे. विचार त्याने करावयाचा, आज्ञा त्याने द्यावयाची. कॅरल परत जाऊन हे यंत्र नष्ट करते, लोकांना गुलामीतून सोडविते आणि आकाशात निघून जाते.

असल्या कथा येथे संपतात. ‘द मार्व्हल्स’ येथून सुरू होतो. यंत्र गेल्यावर हालावर यादवी माजते. हवा विषारी होते, पाणी संपते, सूर्य विझू लागतो. ज्या लोकांना तिने मुक्त केले ते तिला मुक्तिदात्री म्हणत नाहीत. त्यांनी तिला दिलेले नाव ‘संहारक’ या अर्थाचे आहे. तेथे पुढे आलेली नेता दार-बेन दोन प्राचीन कंकणांपैकी एक मिळविते आणि त्याच्या शक्तीने अवकाशाला भोके पाडून इतर ग्रहांवरून हवा, पाणी आणि शेवटी सूर्य ओढून आणू पाहते. तिने निवडलेले ग्रह तेच, ज्यांना कॅरल आपले घर मानते. दुसरे कंकण न्यू जर्सीतल्या कमला खान या शाळकरी मुलीच्या हातात आहे. ते तिच्या पणजीचे. २०२२ च्या ‘मिस मार्व्हल’ या मालिकेत त्याची कथा १९४७ च्या फाळणीपर्यंत मागे जाते. तिसरी मोनिका रॅम्बो, कॅरलच्या जिवलग मैत्रिणीची मुलगी, आता मोठी झालेली शास्त्रज्ञ. या तिघींच्या शक्ती एकमेकींत अशा गुंततात की एकीने शक्ती वापरली की जागांची अदलाबदल होते. जी अवकाशात लढत होती ती एकदम जर्सी सिटीतल्या दिवाणखान्यात येऊन पडते, आणि ज्या मुलीने आयुष्यात घर सोडलेले नाही ती अवकाशात.

समीक्षकांना ही अदलाबदल पोरकट वाटली. मला त्यात शारीरिक आनंद झाला, हे मी स्पष्ट सांगते. तिघी मिळून या अदलाबदलीचा सराव करतात तेव्हा दोरीवरच्या उड्या मारतात. आमच्या वस्तीत शाळा सुटल्यावर आम्ही मुली अशाच उड्या मारीत असू. कोण केव्हा आत शिरणार याचा ताल चुकला की दोरी पायाला लागे. महानायिका एकटीच सर्व करते हा या प्रकारच्या चित्रपटांचा पाया आहे. येथे एकटीने केलेली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या अंगावर जाऊन आदळते. तुम्ही शक्ती वापरलीत की कोणीतरी दुसरीकडे फेकले जाते, आणि ते कोण आहे हे तुम्हांला पाहावेच लागते. एवढा गंभीर विचार खेळकरपणे मांडला, म्हणून तो नाहीच असे कसे म्हणावयाचे?

गाण्याच्या प्रसंगाचेही तसेच. अलाद्ना नावाच्या जलमय ग्रहावर लोक बोलत नाहीत, गातात. पाश्चात्त्य परीक्षणांनी याची टर उडविली, आणि आपल्याकडच्या काहींनी त्यांची री ओढली. ज्या समाजाने आंबेडकरी जलशातून आपले वाद-प्रतिवाद गाऊन ऐकले त्याने तरी गाऊन बोलण्याला हसू नये. चित्रपटगृहात माझ्या पुढच्या रांगेतली दोन लहान मुले त्या वेळी खुर्चीवर उभी राहून नाचत होती. त्यांनी परीक्षणे वाचलेली नसावीत.

पण मला खरोखर धरून ठेवले ते टार्नॅक्सवरच्या प्रसंगाने. तेथे स्क्रल जमातीचे निर्वासित राहतात. क्रींनीच त्यांना घरदारावरून उठविले होते. दार-बेन पहिली चोरी येथे करते. त्यांच्या डोक्यावरची हवाच ओढून नेते. लोक धावताहेत, आणि याने जितके भरले जाईल तितकेच वाचणार. कमला आणखी लोकांना आणू म्हणून विनविते. तिच्या खोलीच्या भिंतीवर कॅरलची चित्रे आहेत. कॅरल म्हणजे तिच्या लेखी सर्व काही. आणि कॅरल तिला सांगते की शक्य तेवढ्यांनाच वाचविता येते. इमान वेलानी या तरुण नटीचा त्या क्षणीचा चेहरा मी विसरू शकत नाही. आपले दैवत खोटे निघाले असे त्या चेहऱ्यावर नाही. दैवत खरेच आहे आणि तरीही माणसे मागे राहिली, हे त्यावर आहे. चळवळीत काही वर्षे घालविलेल्या कोणालाही हा चेहरा ओळखीचा वाटेल.

येथे एका मोहापासून मी स्वतःला आवरले, ते सांगून टाकते. तहानलेले लोक आणि दुसऱ्याच्या ताब्यातले पाणी म्हटले की आपल्या मनात १९२७ चे महाड उभे राहते. दार-बेनमध्ये आपली प्रतिमा पाहणे सोपे आहे, आणि चूकही आहे. चवदार तळ्यावर गेलेले लोक कोणाचे तळे आटवावयास गेले नव्हते. शिवाय क्री ही साम्राज्य चालविणारी जमात. त्यांच्यावर आपत्ती आली तेव्हाही त्यांचा हात प्रथम निर्वासितांच्याच हवेवर पडतो. दार-बेन आपली नाही. परंतु तिची तक्रार खरी आहे, आणि दिग्दर्शिकेला ती खरी आहे हे माहीत आहे.

माहीत असून ती तक्रार तिने पुरती मांडू दिली नाही, हा माझा या चित्रपटावरचा मुख्य आक्षेप. हालावरच्या एकाही घरात कॅमेरा शिरत नाही. तेथली आई मुलाला काय पाजते, तेथे कोण कोणाशी लढले, यंत्राची सत्ता गेली याचा आनंद कोणाला झाला होता की नाही, यातले काहीच आपल्याला कळत नाही. झावे ॲश्टन ही समर्थ नटी आहे, पण तिच्या वाट्याला दात-ओठ खाण्यापलीकडे फार थोडे आले. शेवटी दार-बेन दोन्ही कंकणांच्या शक्तीने स्वतःच नष्ट होते आणि तिच्यासोबत तिचा प्रश्नही नाहीसा करण्याची सोय होते. खलनायिका पातळ आहे असे परीक्षणांनी म्हटले ते बरोबर. त्यांना ती भीतिदायक वाटली नाही म्हणून पातळ वाटली. मला तिचे लोक दिसले नाहीत म्हणून. चित्रपट पंधरा-वीस मिनिटे मोठा असता आणि ती मिनिटे हालावर घालविली असती, तर मी त्याला थोर म्हणावयास कचरले नसते.

तरीही शेवटी कॅरल हालावर जाते आणि विझत आलेला सूर्य स्वतःच्या शक्तीने पुन्हा पेटविते. हे काम पडद्यावर पाहता पाहता उरकते. मग इतकी वर्षे तिने ते का केले नाही, असे विचारून काहींनी याला पटकथेतले भोक म्हटले. मला ते भोक वाटले नाही. या तिघींच्या गोष्टीतली सर्वांत खरी जागा तीच आहे. ज्या ठिकाणी आपल्या हातून नुकसान झाले त्या ठिकाणी माणूस जात नाही. हातात उपाय असला तरी जात नाही, कारण उपाय घेऊन जावयाचे म्हणजे आधी त्या लोकांच्या डोळ्यांना डोळा द्यावयाचा.

मोनिकाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्याविषयी कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. कॅप्टन मार्व्हल हे नाव मुळात कोणाचे? मार्व्हलच्या चित्रकथांत १९६७ मध्ये ते मार-व्हेल नावाच्या क्री पुरुषाचे होते. तो १९८२ मध्ये मरतो, आणि त्याच वर्षी हे नाव घेऊन एक कृष्णवर्णीय स्त्री येते. न्यू ऑर्लिन्सच्या बंदर-गस्तीतली अधिकारी मोनिका रॅम्बो. ती पुढे ॲव्हेंजर्स या चमूची प्रमुखही झाली. मग नव्वदच्या दशकात मार-व्हेलचा मुलगा अवतरला आणि नाव वारसाहक्काने त्याच्याकडे गेले. मोनिकाने ‘फोटॉन’ असे दुसरे नाव घेतले. काही वर्षांनी त्याने तेही घेतले, आणि तिला तिसरे शोधावे लागले. कॅरलकडे कॅप्टन मार्व्हल हे नाव २०१२ मध्ये आले, म्हणजे मोनिकानंतर तीस वर्षांनी. चित्रपटात मोनिकाला नावच नाही. कमला तिला वेगवेगळी नावे सुचविते आणि ती नाकारीत राहते, हा एक विनोद म्हणून येतो. तो विनोद चांगला आहे. पण हा इतिहास ठाऊक असलेल्याला हसता हसता काहीतरी टोचते. आपल्या लोकांना नावांच्या बाबतीत काय काय सोसावे लागले हे या पानांवर पुन्हा सांगण्याची गरज नाही.

हा चित्रपट दिग्दर्शित केला निया डकोस्टा हिने. मार्व्हलचा चित्रपट दिग्दर्शित करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, तेव्हा वय तिशीच्या आतबाहेर. नटांचा संप मिटल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, तो अमेरिकेत लागला, त्यामुळे नट्यांना तोवर त्याविषयी बोलताही आले नव्हते. पहिल्या तीन दिवसांत तेथे सुमारे ४.६ कोटी डॉलर जमले. मार्व्हलच्या चित्रपटांतली ही सर्वांत कमी सुरुवात. जगभरची एकूण कमाई सुमारे २०.६ कोटी, जेव्हा पहिल्या भागाने ११० कोटींच्या वर मिळविले होते. त्या दिवसापासून परीक्षणाची जागा आकड्याने घेतली. चित्रपट कसा आहे हे कोणी विचारीना; किती पडला एवढेच विचारीत. त्याच महिन्यात मालक कंपनी डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी कारण सांगितले : कोविडच्या काळात चित्रीकरण झाल्याने सेटवर वरिष्ठांची रोजची देखरेख पुरेशी राहिली नाही.

देखरेख! कोविडचे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही, आणि मालिकांचा अतिरेक झाल्याची कबुलीही त्यांनी त्याआधी दिली होती. तरीही हा शब्द मी दोनदा वाचला. आपल्यातला कोणी पहिल्यांदा एखाद्या जागेवर बसतो आणि काम फसते, तेव्हा याच्यावर लक्ष ठेवावयास हवे होते असे म्हटले जाते. दुसऱ्या कोणाचे फसले तर काळ वाईट होता असे म्हणतात. यशाचे श्रेय मागताना मात्र देखरेख करणारे सगळे हजर असतात. हा केवळ माझा संशय आहे, आणि तो चुकीचा असल्यास मला आनंदच होईल. एवढ्यावरून हा चित्रपट म्हणजे कोणा शोषितांचा हुंकार आहे असेही मी म्हणणार नाही. तो एका अवाढव्य भांडवली कंपनीचा माल आहे आणि आमच्या दोन तिकिटांचे पैसे शेवटी तिकडेच गेले. पण मालातही कधी कोणाचा हात दिसतो. येथे तो मला दिसला.

डोळे कोठे भरले ते अजून सांगितलेले नाही. मोनिका कॅरलला मावशी मानते. लहान असताना कॅरलने तिला शब्द दिला होता की मी परत येईन. ती आली नाही. मोनिकाची आई कर्करोगाने गेली तेव्हाही ती जवळ नव्हती. आता एका यानात या दोघी समोरासमोर येतात आणि मोनिका हिशेब विचारते. कॅरलचे उत्तर असे की हालावर जे बिघडले ते निस्तरल्याशिवाय तुला तोंड कसे दाखवू, असे वाटत राहिले. मोनिकाला ते पटत नाही. तिला महानायिका नको होती, घरचे माणूस हवे होते.

परतीच्या एस.टी.त भाची खिडकीशी बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तूपण तसंच करतेस. येते म्हणतेस.”

मी काही उत्तर दिले नाही. सेट-नेट झाले की येते, कायम झाले की येते, पीएच.डी.चा प्रबंध दिला की आठ दिवस राहायलाच येते, हे मी तिच्या आईला, माझ्या थोरल्या बहिणीला, किती वर्षे सांगत होते ते मला मोजता येते. तिने दहावीला शाळा सोडली तेव्हा मी आठवीत होते, आणि दोघींच्या फीचे पैसे घरात नव्हते. मी वस्तीत जात नाही याचे कारण मी स्वतःला कामाचा व्याप असे सांगत आले. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखविली ती मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते, आणि सांगताना माझा आवाज चांगला लागतो.

चित्रपटाच्या शेवटाकडे फाटलेले अवकाश बंद करण्यासाठी मोनिका पलीकडे जाते आणि पलीकडेच अडकते, दुसऱ्याच एका विश्वात. त्यानंतर कॅरल लुइझियानात मोनिकाच्या आईच्या घरी राहावयास येते. मावशी अखेर परत आली आहे, पण जिच्यासाठी यावयाचे ती घरात नाही. कमलाच्या घरचे लोक सामान लावू लागले आहेत. आईची भूमिका करणारी झेनोबिया श्रॉफ मूळ मुंबईची, आणि वडील झालेले मोहन कपूर आपल्याकडच्या दूरचित्रवाणीमुळे कित्येकांच्या ओळखीचे. त्यामुळे असेल, किंवा हिंदीमुळे असेल, ते घर मला परदेशातले वाटले नाही. खोकी उचलावयास सगळे आले आहेत आणि कोणते खोके कोठे ठेवावयाचे यावरून बोलणी चालली आहेत. भाचीने त्या वेळी मला कोपराने ढोसले होते. मला वाटले, विनोदाला हसावे म्हणून.